चेहऱ्याला दिलेले नाव

थुसिडिडीझ शिकवताना आम्ही वर्गात एका चांदीच्या नाण्याचे छायाचित्र दाखवत असू. एका बाजूस इराणी शिरस्त्राण घातलेला दाढीवाला पुरुष. दुसऱ्या बाजूस अथेन्सचे घुबड, मात्र अथेन्सच्या नावाऐवजी ‘राजाचे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दाची पहिली तीन अक्षरे. ‘हा क्षत्रप तिस्साफर्नीस,’ आम्ही निःशंकपणे सांगत असू. इ.स.पू. ४१२-११च्या हिवाळ्यात त्याने स्पार्टाच्या आरमाराला महिनाभर रोजी १ द्राख्मा वेतन दिले आणि पुढे ३ ओबोल, म्हणजे निम्मेच, देऊ केले. त्या वेतनाचेच हे नाणे, असा आमचा निर्वाळा.

एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘सर, नाण्यावर त्याचं नाव कुठे आहे?’’

नाव नव्हतेच. ते आम्ही ग्रंथातून उचलून नाण्यावर ठेवले होते आणि मग तेच नाणे ग्रंथाची साक्ष म्हणून उभे करत होतो. हा चेहरा कोणा एका क्षत्रपाचा नसून खुद्द राजाचा आहे, असेही मत मांडले गेले आहे, हे आम्ही कधी सांगितलेच नव्हते.

बरे, नाव कोरलेले असले तरी पेच सुटतोच असे नाही. किलिकियातील तार्ससच्या काही नाण्यांवर अरमाइक लिपीत एक नाव आहे. पूर्वी ते ‘तरकमव’ असे वाचत. पण त्या लिपीत ‘र’ आणि ‘द’ जवळजवळ सारखेच. ‘क’ आणि ‘न’ यांतही गफलत होते. ‘तदनमव’ असे वाचले, की कॉर्नेलियस नेपोसने ज्याचे चरित्र लिहिले तो क्षत्रप दातामेस अधिक सहजपणे समोर येतो. पाठभेदाशी झुंजणाऱ्या संपादकांना हे दुखणे नवे नाही.

मग आधार कशाचा? ठशांचा आणि निधींचा. एकाच ठशाने पाडलेली नाणी काळाने एकमेकांजवळची; ठशाची झीज पाहून त्यांचा क्रम लावता येतो. एकत्र पुरलेल्या नाण्यांतले सर्वांत अलीकडचे नाणे सांगते, की निधी त्यापूर्वी पुरलेला नाही. हा पुरावा मूक असतो. पण आपल्याला हवे ते बोलायला तो सहजासहजी तयार होत नाही.

आता आम्ही ते छायाचित्र दाखवतो तेव्हा नावापुढे प्रश्नचिन्ह घालतो. आधीच्या तुकड्यांच्या वह्यांत मात्र ते नसेल. असो.