नितळ पाणी

खाऱ्या पाण्याचे अ‍ॅक्वेरियम घरात आले, तेव्हा फिल्टर पाणी स्वच्छ करतो अशी आमची भाबडी समजूत होती. पाणी नितळ दिसे. त्यामुळे कित्येक आठवडे फिल्टर उघडून पाहण्याची गरजच आम्हांस वाटली नाही. एके सकाळी दोन क्लाउनफिशांपैकी एक तळाशी धापा टाकताना दिसला. अमोनियाच्या चाचणीतले पाणी पिवळे न राहता हिरवे झाले. संध्याकाळी तो मासा गेला.

फिल्टर उघडला. स्पंज काळपट गाळाने गच्च भरलेला, वास नकोसा. तेव्हा कळले, की यांत्रिक फिल्टर घाण अडवतो, नाहीशी करत नाही. अडकलेली विष्ठा नि उरलेले खाद्य त्याच पाण्यात कुजत राहते. त्यातून अमोनिया, पुढे नायट्राइट, मग नायट्रेट. शिवाय स्पंज तुंबला की प्रवाह मंदावतो, आणि खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच गोड्या पाण्याहून कमी विरघळतो.

आता दर तिसऱ्या दिवशी आम्ही २०० मायक्रॉनची गाळण-पिशवी उलटी करून नळाखाली धुतो, वाळत घालतो, दुसरी लावतो. स्पंज मात्र टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळतो. नळाच्या पाण्यातले क्लोरीन त्यातील उपयुक्त जीवाणूंना मारते.

दुसरा मासा अजून आहे. पाणी नितळ दिसते म्हणून आम्ही आता निश्चिंत होत नाही. नितळ तर ते तेव्हाही होते.