तलावातील माती

भूगोलाच्या तासाला 'जमिनीची धूप' हा धडा मी अठरा वर्षे शिकवीत आलो आहे. एक इंच सुपीक माती तयार होण्यास निसर्गाला शेकडो वर्षे लागतात, हे वाक्य फळ्यावर लिहिताना माझा हात कधी अडखळला नाही. परंतु त्याचा खरा अर्थ मला कळला तो माझ्या वडीलबंधूंच्या शेतात.

बुलढाणा जिल्ह्यातील चिखली तालुक्यात त्यांची तीन एकर उताराची जमीन आहे. दर पावसाळ्यात तिची काळी माती वाहून जाई व खालचा मुरूम उघडा पडे. "बाबा रे, आता ही विकून टाकावी म्हणतो," असे ते एके दिवशी मला म्हणाले.

ती माती गेली होती गावच्या तलावात. महाराष्ट्र सरकारने 2017 साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना काढली, तेव्हा गाळ वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्यानेच सोसावयाचा होता. 2023 साली ती नव्या रूपाने आली. लहान शेतकऱ्यांस, तसेच विधवा, अपंग व आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या कुटुंबांस गाळ पसरण्यासाठी एकरी 15,000 रुपयांपर्यंत व अडीच एकरांस 37,500 रुपयांपर्यंत अनुदान ठरले. आमच्या आजोबांच्या काळी सरकारची तगाई मिळे. पण ते कर्ज असे, ते फेडावे लागे.

2024 च्या उन्हाळ्यात दादांनी एक एकर भरून घेतला. एकरी 400 घनमीटर गाळ म्हणजे सुमारे चार इंचांचा थर. त्यावरून ते अनवाणी फिरले. जमीन विकण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

पण पहिल्याच मोठ्या पावसात एका कोपऱ्यातील थर वाहून गेला. तिफण नेहमीप्रमाणे उताराच्या दिशेने चालविलेली, बांध फुटलेले. प्रत्येक तासाचा पाण्याला पाट झाला. दादा म्हणाले, "तू पोरांना हेच शिकवतोस ना? मग मला कधी सांगितले का नाहीस?" मजजवळ उत्तर नव्हते.

दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघांनी मिळून बांध नीट केले. 2025 ची पेरणी उताराला आडवी झाली, आणि उरलेली माती जागची हलली नाही.

गेलेली माती परत आणण्यास सरकार साह्य करील. ती राखणे मात्र आपल्याच हाती आहे. तुमच्यापैकी पुष्कळांची घरे शेतकऱ्यांची आहेत. हा धडा परीक्षेसाठी पाठ करण्यापूर्वी एकदा घरी मोठ्याने वाचून दाखवा. मी ते अठरा वर्षे केले नाही.