ट्राम आणि तंद्री

विसरभोळेपणा हा प्राध्यापकाचा अलंकार होय, अशी एक समजूत आहे. आणि खरें सांगावयाचें तर ती आम्हांस आजवर मनांतून आवडतही असे. गेल्या वर्षीं मेलबर्नला मुलीकडे गेलों असतां मात्र या अलंकाराची किंमत आम्हांस कळून आली.

मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजीं बंद पडली. तेव्हां आमचा जन्मही झालेला नव्हता. आम्हांस ठाऊक होती ती वडिलांच्या गोष्टींतील संथ, निरुपद्रवी ट्राम. मेलबर्नला तिचे रूळ पुष्कळ ठिकाणीं मोटारींच्या रस्त्याच्या मधोमध आहेत. एके सायंकाळीं आम्ही ट्राममधून उतरलों आणि ती पुढें सरकतांच तिच्या पाठीमागून रस्ता ओलांडूं लागलों. डोक्यांत एका अपुऱ्या लेखाचें शेवटचें वाक्य घोळत होतें. इतक्यांत घंटा खणखणली, आणि मुलीनें बाही धरून आम्हांस मागें ओढलें. पहिल्या ट्रामच्या आड दडलेली, समोरून येणारी दुसरी ट्राम हातभर अंतरावरून निघून गेली.

“बाबा, तिला बाजूला होतां येत नाहीं,” मुलगी एवढेंच म्हणाली. तिचा हात कांपत होता.

त्या एका वाक्यांत सारें शास्त्र आलें. मोटार वळेल, सायकल चुकवील. ट्राम रुळाशीं बांधलेली. शिवाय पोलादी चाकाची पोलादी रुळावरील पकड रबरी चाकाच्या मानानें कमी. म्हणून ब्रेक लावला तरी तिला थांबावयास मोटारीहून अधिक अंतर लागतें. तेव्हां ज्याला बाजूला होतां येतें, त्यानेंच व्हावें. एक ट्राम गेली म्हणून रस्ता मोकळा झाला असें समजूं नये. ती दूर जाऊन दुसरा रूळ स्वच्छ दिसेपर्यंत थांबावें. उतरतांना मागून येणाऱ्या मोटारींकडे पहावें. ट्रामचे उतारू रस्त्यावर उतरत असतां मोटारींनीं मागें थांबावें असा तेथील कायदा आहे खरा. पण कायदा पाळणारेही आमच्यासारखेच तंद्रींत असूं शकतात.

थोरांनाही येथें सवलत नाहीं. बार्सिलोनाचे वास्तुशिल्पी गौदी १९२६ सालीं, आणि बंगाली कवि जीवनानंद दास १९५४ सालीं कलकत्त्यास, ट्रामच्याच धक्क्यानें जखमी होऊन वारले. त्या क्षणीं त्यांच्या मनांत काय होतें, कोण जाणे. आमच्या मनांतील तें वाक्य पुढें आम्हांस कधींच आठवलें नाहीं. मुलीचा कांपणारा हात तेवढा आठवतो.