रेकयाविकचे क्रीडांगण आणि तेथील घोष

उत्तरध्रुववृत्ताच्या किंचित दक्षिणेस, अटलांटिक महासागरात आइसलंडचे बेट आहे. त्याची राजधानी रेकयाविक. या नावाचा अर्थ ‘धुराचा उपसागर’ असा होतो. पहिल्या वसाहतकारांस किनाऱ्यावर जो धूर दिसला असे सांगतात, तो वस्तुतः धूर नव्हे, तर ऊन पाण्याच्या झऱ्यांतून निघणारी वाफ होती. राजापूरचे व वज्रेश्वरीचे झरे पाहिलेल्या मराठी प्रवाशास अशा पाण्याचे नवल वाटण्याचे कारण नाही. परंतु जमिनीखालच्या या पाण्याने शहरातील घरेच्या घरे उबदार ठेवलेली पाहिली, म्हणजे निसर्गाच्या या देणगीचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

शहराच्या मध्यातून पूर्वेकडे जाणाऱ्या मुख्य पेठेच्या रस्त्यास ‘लौगावेगुर’ म्हणतात. आज त्याच्या दुतर्फा दुकाने व उपाहारगृहे आहेत; परंतु नावाचा अर्थ आहे ‘कुंडांकडे जाणारा रस्ता’. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत शहरातील स्त्रिया धुण्याचे बोजे घेऊन याच वाटेने सुमारे ३ किलोमीटर चालत, हिवाळ्यातही, लौगारदालूरच्या खोऱ्यातील झऱ्यांवर जात असत. ते झरे अद्याप दाखविले जातात. उकळत्या पाण्यात तोल जाऊन कोणी पडू नये म्हणून त्यांवर बसविलेल्या लोखंडी कमानी पाहताना त्या कष्टाळू बायकांची आठवण होऊन मन गंभीर होते. याच खोऱ्यात हल्ली वनस्पत्युद्यान आहे, पोहण्याचा मोठा तलाव आहे, आणि राष्ट्रीय फुटबॉल संघाचे क्रीडांगणही आहे. ज्या घोषाने एके काळी सारे युरोप दणाणून सोडले, त्याचे हे घर होय.

क्रीडांगण प्रथमदर्शनी साधेच दिसते. तेथे जेमतेम दहा हजार माणसे बसू शकतात. पण २०१६ साली या देशाची लोकसंख्याच मुळी सुमारे ३ लाख ३० हजार होती, हे ध्यानात घेतले म्हणजे दहा हजारांचा अर्थ कळतो. असल्या राष्ट्राने फुटबॉलमध्ये नाव काढावे अशी कोणाची अपेक्षा नव्हती. २०१२ साली जगातील संघांच्या क्रमवारीत त्याचा क्रमांक १३१ वा होता. हरणाऱ्या संघास पाठीराखे मिळत नाहीत, आणि पाठीराख्यांवाचून मैदान स्मशानासारखे वाटते.

या स्थितीत काही उत्साही मंडळींनी २००७ साली एक मंडळ स्थापिले. त्याचे नाव ‘तोल्फान’, म्हणजे ‘बारावा’. मैदानावर खेळाडू अकरा. बारावा तो प्रेक्षक. प्रारंभी या बाराव्या गड्याची संख्या अगदीच अल्प होती. पुढे वेस्टमन बेटांतील हैमिर हाल्ग्रिमसन नावाचे एक दंतवैद्य राष्ट्रीय संघाचे शिक्षक झाले. त्यांनी एक विलक्षण प्रथा पाडली. घरच्या सामन्यापूर्वी ते क्रीडांगणाजवळच्या, या मंडळींच्या नेहमीच्या पानगृहात जात आणि आज कोण खेळणार, डाव कसा टाकावयाचा, हे वर्तमानपत्रांस कळण्यापूर्वी त्यांस समजावून सांगत. हे गुपित फुटले नाही. मद्याच्या पेल्यांभोवती जमलेल्या लोकांनी मौन पाळावे, हे आपणांस चमत्कारिक वाटेल. परंतु ज्याच्यावर विश्वास टाकला जातो तो त्या विश्वासास जागतो, हा अनुभव सर्व देशांत सारखाच आहे. घोष पुढे आला. हा जिव्हाळा आधीचा.

त्या घोषाची जन्मकथा मात्र तेथील लोकांच्या अभिमानास किंचित धक्का देणारी आहे. तो मुळी आइसलंडचा नव्हेच! २०१४ च्या जुलैत रेकयाविकशेजारच्या गार्दाबायर गावाचा ‘स्त्यारनान’ नावाचा संघ स्कॉटलंडातील मदरवेल संघाशी खेळला. तेथील प्रेक्षकांची टाळी या पाहुण्यांनी ऐकली आणि घरी आणली. पुढे तीच राष्ट्रीय संघाची झाली. जगाने तिला ‘व्हायकिंगांची टाळी’ असे नाव दिले आणि ती हजार वर्षांपूर्वीच्या दर्यावर्दी वीरांपासून चालत आली असावी अशी पुष्कळांची समजूत झाली. वास्तविक तिचे वय तेव्हा दोन वर्षांचे होते!

तिची रीत अशी. सारे लोक दोन्ही हात डोक्यावर पसरून उभे राहतात. ढोलावर दोन ठोके पडतात. त्यासरशी हजारो हात एकदम मिटतात आणि छातीतून ‘हू!’ असा एकच हुंकार निघतो. मग शांतता. पुन्हा ठोके, पुन्हा हुंकार, पुन्हा शांतता. हळूहळू मधले अंतर कमी होत जाते आणि शेवटी टाळ्यांचा अखंड कडकडाट होतो. यातील मर्म हुंकारात नसून मधल्या शांततेत आहे. थोड्या माणसांनी मोठ्या जमावाशी सतत ओरडण्यात चढाओढ केली तर ती हरतील. परंतु तीच माणसे एका क्षणी गप्प राहिली आणि एका क्षणी गर्जली, तर त्यांची संख्या कोणी मोजीत बसत नाही. लहान राष्ट्रास ही टाळी इतकी मानवली, याचे कारण हेच असावे.

टाळीच्या जोडीस शब्दांचाही एक घोष आहे: ‘आउफ्राम ईस्लांद’, म्हणजे ‘आइसलंड, पुढे चला’. आइसलंडी भाषेत शब्दाच्या पहिल्या अक्षरावर आघात येतो. त्यामुळे या दोन शब्दांत जड-हलके, जड-हलके असा पावलांचा ठेका आपोआपच पडतो. चाल लावण्याकरिता कोणा संगीतज्ञास बोलवावे लागले नाही. भाषेनेच ती लावून दिली.

२०१६ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये युरोपीय राष्ट्रांची स्पर्धा झाली. आइसलंडने पोर्तुगालशी बरोबरी केली, ऑस्ट्रियास हरविले आणि २७ जून रोजी नीस येथे इंग्लंडासारख्या बलाढ्य संघाचा २–१ असा पराभव केला. परंतु आमच्या मते त्या घोषाची खरी परीक्षा ३ जुलै रोजी झाली. त्या रात्री फ्रान्सने आइसलंडवर ५–२ असा विजय मिळविला. खेळ संपला तरी निळ्या पोशाखातील माणसे जागची हलली नाहीत. कप्तान आरोन गुन्नारसन आपल्या सोबत्यांसह त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला आणि तीच टाळी पुन्हा घुमली. दुसऱ्या दिवशी रेकयाविकच्या आर्नारहोल टेकडीवर, आद्य वसाहतकार इंगोल्फुर आर्नारसन याच्या पुतळ्याभोवती, हजारो लोकांनी पराभूत वीरांचे स्वागत त्याच घोषाने केले. विजयात सर्वच ओरडतात; पराजयातही जो म्हणता येतो, तो घोष आपला झाला असे समजावे.

यशाबरोबर उपाधीही आल्या. थोड्याच दिवसांत फ्रान्सच्या खेळाडूंनी स्वतःच ती टाळी वाजविली आणि पुढे देशोदेशीची मैदाने तिने भरून गेली. आइसलंडमध्ये एकाने तर त्या ‘हू’चा व्यापारी हक्क नोंदवून घेतला, आणि २०१८ साली तो शब्द सदऱ्यावर छापण्यावरून वाद माजला. स्कॉटलंडातून उसना आणलेला हुंकार कोणा एकाच्या मालकीचा कसा, असा प्रश्न कोणासही पडेल.

ही टाळी आपल्या मुंबईसही येऊन पोहोचली. १ जून २०१८ रोजी अंधेरीच्या मैदानावर भारताने चिनी तैपेईस ५–० असे हरविले. कप्तान सुनील छेत्री याने तीन गोल केले. हे पाहावयास अडीच हजारांच्या आसपास माणसे होती. दुसऱ्या दिवशी छेत्रीने हात जोडून विनविले की, आम्हांस नावे ठेवा, आमच्यावर टीका करा, पण मैदानावर या. ४ जूनच्या सामन्यास तिकीट उरले नाही. भर पावसात भारताने केनियास ३–० असे हरविले. छेत्रीचा तो देशाकरिता शंभरावा सामना होता. २०१७ साली निघालेले ‘ब्लू पिलग्रिम्स’ हे पाठीराख्यांचे मंडळ तेव्हापासून अधिकच पुढे आले. त्या काळात भारतीय खेळाडू व प्रेक्षकही हात उंचावून तीच आइसलंडी टाळी वाजवू लागले.

उसनवारीत कमीपणा नाही. खुद्द आइसलंडनेच ती केली. पण आपला स्वतःचा घोष कोणता? आपल्या संघाच्या पाठीराख्यांत मराठी, बंगाली, मल्याळी, मणिपुरी असे सर्वच आहेत. एका भाषेतील लांब पद सर्वांच्या मुखी बसणे कठीण. ४ जुलै २०२३ रोजी बंगळूरच्या कांतीरवा क्रीडांगणावर भारताने कुवेतचा पराभव केल्यावर सहस्रावधी कंठांतून ‘वंदे मातरम्’ उमटले. ते का साधले? ते शब्द कोणास नव्याने शिकवावे लागले नव्हते.

नवा घोष रचू पाहणाऱ्या तरुणांनी याचा विचार करावा. महाराष्ट्रात तर याचे धडे रस्त्यावरच मिळतात. मिरवणुकीत एकजण ‘गणपती बाप्पा’ म्हणतो, आणि पुढचा शब्द कोणी न सांगता गल्ली पुरा करते. आळंदीहून पंढरीस जाणारी दिंडी ‘ज्ञानबा-तुकाराम’ या दोन नावांवर आणि टाळाच्या ठेक्यावर दिवसचे दिवस चालते. ते कोणी रचले असे वारकरी विचारीत नाही. शब्द थोडे असावेत, एकाने हाक द्यावी व बाकीच्यांनी ओ द्यावी, मध्ये श्वासापुरती जागा असावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, म्हणणाऱ्यांनी सामन्याच्या दिवशीच नव्हे, तर एरवीही एकत्र यावे. प्रतिपक्षास शिव्या देणाऱ्या आरोळ्या लवकर पसरतात खऱ्या, पण संघ हरू लागला की त्याच आपल्या खेळाडूंवर उलटतात. ज्या दिवशी आपला संघ पाच गोलांनी हरेल आणि तरीही अंधेरीच्या किंवा कोलकत्याच्या मैदानावर प्रेक्षक घराकडे न वळता उभे राहून एका सुरात हाक देतील, त्या दिवशी आपला घोष आपणांस सापडला असे खुशाल म्हणावे.