घाव आणि गौरव

दुःखसहन आधी आणि गौरव नंतर, हा क्रम ख्रिस्ती धर्मविचाराला सापडला तो येशूच्या मरणाचा अर्थ लावताना. लूकच्या शुभवर्तमानातल्या शेवटच्या अध्यायात दोन शिष्य यरुशलेमहून अम्माऊस नावाच्या गावाकडे निघालेले दिसतात. वाट सुमारे ११ किलोमीटरची. ज्याच्याकडून इस्राएलच्या सुटकेची आशा धरली तोच गुन्हेगारासारखा मारला गेला, हे दुःख त्यांच्या बोलण्यात आहे. वाटेत सोबतीला आलेल्या अनोळखी प्रवाशाला नवल वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. ख्रिस्ताला सोसूनच गौरवात जाणे भाग होते, हे यांना शास्त्र वाचूनही कसे उमगले नाही? ‘भाग होते’ यासाठी मूळ ग्रीकमध्ये ‘एदेइ’ हे छोटे क्रियापद आहे. पुढचा सगळा प्रश्न त्याच्यापाशी सुरू होतो: भाग का होते?

क्रूस ही रोमी राज्यात गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा होती. स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर इ.स.पू. ७१ मध्ये कापुआ ते रोम या रस्त्याच्या कडेने सहा हजार जणांना क्रूसावर चढवले गेले. यहुदी नियमशास्त्रात तर झाडाला टांगलेला माणूस शापित मानला जाई. अशा मरणानंतर ‘मरण आले तरी तो राजाच’ एवढे म्हणणे सोपे होते. पहिल्या ख्रिस्ती पिढीने अवघड वाक्य निवडले: त्या मरणातूनच तो राजा ठरला. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केल्याचे, दासाचे रूप घेतल्याचे, क्रूसावरचे मरण पत्करल्याचे वर्णन येते आणि मग ‘म्हणून’ हा शब्द येऊन देवाने त्याला अत्युच्च केल्याचे सांगितले जाते. या ‘म्हणून’च्या जागी ‘तरीही’ असते, तर ख्रिस्ती धर्म निराळा झाला असता.

गौरव म्हणजे काय, हे शब्दाच्या मुळाशी गेले की बरेच उलगडते. हिब्रूत त्यासाठी ‘कावोद’ हा शब्द आहे आणि त्याच्या धातूचा अर्थ जड असणे. ग्रीक भाषांतरकारांनी त्यासाठी ‘डोक्सा’ हा शब्द घेतला. त्याचा जुना अर्थ मत, लौकिक. त्यात वजन नव्हते. मराठी बायबलमधला ‘गौरव’ मात्र नकळत हिब्रूच्या जवळ जाऊन बसला आहे, कारण तो ‘गुरु’ म्हणजे जड यावरूनच आलेला. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात प्रेषित पौल सध्याच्या क्लेशांना हलके म्हणतो आणि येणाऱ्या गौरवाला भार म्हणतो, तेव्हा तो हाच तराजू वापरत असतो. हे लिहिणाऱ्याने फटके, तुरुंग आणि जहाजफुटी भोगलेली होती. ‘हलके’ हा शब्द त्याने घरबसल्या वापरलेला नाही.

शिष्यांना गौरव कळत होते ते लौकिकाच्या अर्थाने. मार्कच्या शुभवर्तमानात याकोब आणि योहान येशूकडे त्याच्या गौरवात उजवी-डावीकडच्या जागा मागतात. आपण काय मागतो हे त्यांना कळत नाही, असे त्यांना सांगितले जाते. काही अध्यायांनंतर येशूच्या उजवी-डावीकडे खरोखरच दोघे जण दिसतात: क्रूसावर चढवलेले दोन लुटारू. मार्क यावर टिप्पणी करत नाही, आणि तिची गरजही नाही. योहानचे शुभवर्तमान त्याही पुढे जाते. ‘उंच केला जाणे’ हे एकच क्रियापद तिथे क्रूसावर चढण्यालाही लागू होते आणि गौरवाने उंचावण्यालाही. ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांतले अंतर तिथे जवळजवळ पुसले जाते. पुनरुत्थानानंतर थोमा या शिष्याला दाखवले जातात ते हातांवरचे आणि कुशीतले व्रण. गौरवाने ते बुजवलेले नाहीत.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण मराठी वाचकाला इथे आठवणारच. प्रवचनांतही ती सर्रास वापरली जाते. पण ती अर्धीच लागू पडते. म्हणीत घाव दगड सोसतो आणि देव होतो. ख्रिस्ती श्रद्धेत घाव देवच सोसतो. माणसाचे सोसणे त्यानंतरचे, त्याच्या सोबतीचे. त्यामुळे ही तपश्चर्या नव्हे आणि कष्ट देऊन गौरव घेण्याचा सौदाही नव्हे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल सोसणे आणि गौरवले जाणे या दोन्ही क्रियापदांना ‘सिन्’ हा उपसर्ग लावतो. मराठीत त्याला ‘सह’ म्हणता येईल. ख्रिस्तासह सोसणे आणि ख्रिस्तासह गौरव पावणे. बाप्तिस्मा ज्याच्याशी जोडतो त्याच्या वाटेनेच जावे लागते, आणि त्याची वाट क्रूसावरून गेली. क्रमामागचे मुख्य कारण हेच. क्लेशातून धीर, धीरातून कसोटीला उतरलेले शील आणि त्यातून आशा, ही त्याच पत्रातली साखळी दुय्यम आहे, कारण क्लेशाने माणसे मोडतातही.

कोणते सोसणे, यालाही सीमा आहे. पेत्राचे पहिले पत्र आशिया मायनरमधल्या छळ सोसणाऱ्या मंडळ्यांसाठी आहे. खून-चोरीसाठी भोगलेल्या शिक्षेत कसलाही गौरव नाही, असे ते स्पष्ट बजावते. स्मुर्णाचा बिशप पॉलिकार्प याच्या हौतात्म्याच्या जुन्या वृत्तांतात क्विंटस नावाच्या माणसाचा उल्लेख आहे. तो आपणहून अधिकाऱ्यांपुढे गेला आणि श्वापदे पाहून कचरला. असे स्वतःला पुढे करणे सुवार्तेला धरून नाही, असा शेरा वृत्तांतकार मारतो. येशूनेही गेथशेमाने बागेत प्याला टळावा अशीच प्रार्थना केली होती, आणि आजाऱ्याला आजार जपून ठेवायला त्याने कधी सांगितले नाही. तरीही धन्याने गुलामाला आणि घरच्यांनी मार खाणाऱ्या सुनेला याच शिकवणीचा हवाला देऊन गप्प बसवल्याचा इतिहास आहे. तो या शिकवणीचा विपर्यास आहे: दुसऱ्याच्या खांद्यावर क्रूस चढवणारा त्या कथेत रोमी शिपायांच्या बाजूला उभा असतो. मार्टिन ल्यूथरने १५१८ मध्ये हायडेलबर्ग येथे ‘गौरवाचे ईश्वरज्ञान’ आणि ‘क्रूसाचे ईश्वरज्ञान’ असा भेद मांडला, त्याचा रोख वेगळा होता. देवाला थेट वैभवात आणि सत्कृत्यांच्या जोरावर गाठू पाहणाऱ्या धर्मपंडितांवर तो होता.

महाराष्ट्राच्या मातीत या क्रमाचे एक उदाहरण आहे. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया जपानमध्ये व्यापार करून पुढे फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि दुभाषी म्हणून त्या देशात परतला. तिथला सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या हुकमाने पकडलेल्या ख्रिस्ती लोकांची क्योतोत कानाची पाळी कापली गेली आणि ऐन थंडीत त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रूसावर बांधून भाल्यांनी मारले. त्यांत गोन्सालो होता. १८६२ मध्ये पोप पायस नववे यांनी या सर्वांना संतपद दिले. वसईजवळच्या गास गावचे चर्च त्याच्या नावाचे आहे. मधली २६५ वर्षे म्हणजे गौरवाची प्रतीक्षा, असे मात्र चर्च मानत नाही. हुतात्म्याच्या मरणदिवसाला ‘जन्मदिवस’ म्हणण्याची प्रथा पॉलिकार्पच्या वृत्तांताइतकी जुनी आहे. १८६२ मध्ये झाली ती केवळ जाहीर नोंद.

उपासनेच्या वर्षातही हा क्रम सांभाळला जातो. कॅथलिक चर्चमध्ये प्रायश्चित्तकाळात ‘आलेलुया’ गात नाहीत. तो परततो ईस्टरच्या रात्री. झावळ्यांच्या रविवारी येशूच्या राजेशाही प्रवेशाची मिरवणूक निघते आणि त्याच मिस्सात त्याच्या दुःखसहनाचा वृत्तांत वाचला जातो. त्या दिवशीच्या झावळ्या लोक घरी नेऊन वर्षभर जपतात. राखेच्या बुधवारी कपाळाला लावतात ती राख आदल्या वर्षीच्या अशाच झावळ्या जाळून केलेली असते.