उसन्या फांद्या

घरापुढच्या मोकळ्या जागेत बाग करून देण्याचा जो अंदाज एका रोपवाटिकेकडून आला, त्यात चाफा ‘प्लुमेरिया’ होता आणि तगर ‘टॅबर्निमॉन्टाना’. खालचा आकडा निवृत्त शिक्षकाला न झेपणारा होता. असो.

वास्तविक त्या यादीतली निम्मी झाडे विकत घेण्याची नव्हेतच. जास्वंद आणि तगर पावसाळ्याच्या तोंडाशी पेन्सिलीएवढी जाड फांदी लावली तरी धरतात. चाफ्याची फांदी मात्र आठवडाभर सावलीत पडू द्यावी, तिचा चीक वाळावा. ओली लावली तर कुजते. मोगऱ्याची फांदी मूळ झाडावर असतानाच वाकवून मातीत दाबतात, मुळे फुटल्यावर तोडतात. कर्दळ आणि गवती चहा इतके माजतात, की मालकच ते उपटून देतो. अबोलीच्या वाळलेल्या बोंडाला पाणी लागले की ते तडकते आणि बी उडते; तिला तर मागण्याचीही गरज नाही. हापूसचे कलम तेवढे विकत घ्यावे, कारण कोयीतून तेच फळ येईल याची शाश्वती नसते.

पण या काटकसरीत मागावे लागते. फाटकापाशी उभे राहून फांदी मागणाऱ्याला झाडाची कुळकथा ऐकावी लागते: हे माहेरचे, हे जुन्या वाड्यातले. चाफा मूळचा मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा, बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली आणि तिच्या नावात अठराव्या शतकातला एक फ्रेंच दर्यावर्दी. तरीही दोघे आपल्या अंगणात परके वाटत नाहीत, ते अशा हातोहात देण्याघेण्यामुळेच, असे मला वाटते.

शिवाय फांदीतून आलेले झाड हे मूळ झाडाचे अपत्य नसते. ते तेच झाड असते. आमची डबल तगर शेजारच्या काकूंच्या बंगल्यातली. तो बंगला पाडला गेला तेव्हा मूळ झाडही गेले. तिथे आता सात मजली इमारत आहे आणि काकू तिच्या सहाव्या मजल्यावर राहतात. गेल्या श्रावणात त्यांचा फोन आला: गॅलरीत कुंडी ठेवली आहे, तगरीची फांदी मिळेल का? मागताना त्या चक्क संकोचल्या होत्या. मी तीन फांद्या नेऊन दिल्या. त्यांतली एक धरली आहे.