भातकापणीनंतरचे खर्डी

मानस मंदिराच्या दर्शनासाठी आसनगावला उतरणारे भाविक सहसा तेथूनच माघारी फिरतात. त्याच कसारा लोकलने आणखी तीन स्थानके पुढे गेले, की खर्डी येते. १८६१ साली लोहमार्ग कसाऱ्यापर्यंत पोहोचला. तेव्हापासून आसपासच्या पाड्यांचे बाजारहाट, दवाखाना, शाळा आणि मुंबईची नोकरी हे सारे या लहानशा स्थानकाशी बांधले गेले आहे. एकीकडे रुळांची रेघ, दुसरीकडे मुंबई-आग्रा महामार्ग आणि मध्ये भाताची खाचरे, असे हे गाव.

पावसाळ्यात येथे मैदान नावाची वस्तूच नसते. चार महिने सारे शिवार चिखलाचे असते. कार्तिकी पौर्णिमेनंतर चातुर्मास आटोपून साधु-साध्वींचे विहार महामार्गाने सुरू होतात, त्याच सुमारास कापणी, झोडणी उरकलेली असते. मग पाड्यावरची मुले शेतमालकाकडे जातात आणि एखादे ऐसपैस खाचर मागून घेतात. धसकटे छाटली जातात, मधला पट्टा पाणी शिंपडून चोपला जातो. बांध हीच सीमारेषा. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींच्या नावाने फुटबॉलचा हंगाम रंगतो. दक्षिण कोरियात वस्तीवस्तीतील माणसे पहाटे शाळेच्या मैदानावर फुटबॉल खेळून मग कामावर जातात. शहापूर-मुरबाडच्या खेड्यांत ती जागा टेनिसच्या चेंडूने खेळल्या जाणाऱ्या क्रिकेटने घेतली आहे.

सामने मोजक्या षटकांचे. सकाळी सुरू झालेली स्पर्धा उन्हे कलेपर्यंत, कधी दिव्यांच्या उजेडात रात्रीपर्यंत चालते. संघ गावाच्या नाहीतर ग्रामदेवतेच्या नावाचा असतो. ध्वनिक्षेपकावरचे समालोचन खेळापेक्षाही रंगतदार असते, कारण समालोचकाला प्रत्येक फलंदाजाचे घर, घराणे आणि खोड्या ठाऊक असतात. २०२४ च्या मार्चमध्ये याच जिल्ह्यात, ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियममध्ये, टेनिस चेंडूची व्यावसायिक लीग प्रथम भरली. तेव्हापासून बांधावरच्या मुलांच्या स्वप्नांना एक पत्ता मिळाला आहे. तो पत्ता किती जणांच्या कामी येईल, हे कोणी सांगावे!

मात्र हंगाम जोरात येतो, तेव्हा काही खेळाडू गावातच नसतात. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. लेकरेबाळे, कोंबड्या, भांडीकुंडी सगळे बरोबर. पावसाच्या तोंडावर ती परततात, तेव्हा मैदान पुन्हा खाचर होण्याच्या बेतात असते. ज्यांचा नेम रानात लहानपणापासून घडला, त्यांना ही स्पर्धा क्वचितच लाभते. चषकांच्या झगमगाटात ही उणीव कोणाच्या लक्षात येत नाही, हे अधिक खेदाचे.

वर्गणीचे पुस्तक घेऊन मुले बाजारपेठेत येतात. दुकानदाराने पावती फाडण्यापूर्वी बक्षीस काय आहे, हे अवश्य विचारावे. ग्रामीण स्पर्धांत कोठे कोठे बोकड वा कोंबडे लावण्याची चाल आहे. अशा वेळी रोख रकमेऐवजी चषक, चेंडूंचा खोका किंवा खेळाडूंच्या जेवणाचा शिधा देणे सोपे आणि शोभणारे असते. त्यात नकाराचा कडवटपणाही राहत नाही.

खरा दाता मात्र वेगळाच. ज्याचे खाचर, तो काही मागत नाही. परंतु महिनोन्‌महिने तुडवला गेलेला मधला पट्टा दगडासारखा होतो आणि ती जमीन पुन्हा भुसभुशीत करण्याची मेहनत त्याच्याच वाट्याला येते. हल्ली या खाचरांभोवती तारांची कुंपणे वाढत आहेत. फार्महाऊस उठतात, जमिनीचे भाव चढतात. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा याच तालुक्यातून खुला झाला. शेत विकणाऱ्या शेतकऱ्याला दोष कसा द्यावा? पण नव्या मालकाच्या फाटकावर खेळायला जागा मागण्याची मुलांना सोय नाही, आणि सार्वजनिक मैदान तर मोजक्याच गावांना आहे.

चैत्र लागला, की सामने विरळ होतात. १८९२ पासून मुंबईची तहान भागवणारा तानसा तलाव याच तालुक्यात; तरी उन्हाळ्यात येथील कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. हंडे रांगेत लागले, की खेळणाऱ्या मुलांनाही घरून हाक येते. पुढे पालापाचोळा आणि शेणी पसरून राब भाजले जातात. शेतमालक काळ्या पडलेल्या तुकड्याकडे एकवार पाहतो, मग पहार उचलून मधल्या पट्ट्याकडे वळतो.